कारवी, राइट टाइम

आमच्या दाराची बेल लागोपाठ दोनदा वाजली की आतून कोणीतरी म्हणतं, "गाडी सुटली!" मग दार कोणी उघडायचं यावर घरात वाटाघाटी सुरू होतात. लोकलमध्ये गार्डानं दोन बेल दिल्या की मोटरमन गाडी सोडतो, एक दिली की थांबवतो. वरच्या मजल्यावरच्या काकांनी पश्चिम रेल्वेत अडतीस वर्षं हेच केलं. त्यामुळे एकच बेल देऊन कोणाच्या दारात उभं राहणं त्यांना जमत नाही. दोन बेल, मनगटावरच्या घड्याळाकडे एक नजर, आणि मग बातमी. "तिसऱ्या झुडपाला नवीन पान आलंय. सहा बावन्न."

सोसायटीत त्यांना कारवीकाका म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं लिहिणार होतो, पण तोंडावर म्हटलं तरी त्यांना आवडतं. लेटरबॉक्सवर त्यांचं खरं नाव आहे, ते फक्त लाइटबिलाला ठाऊक आहे.

चिंचोटी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. अहमदाबाद हायवेवरचं ट्रॅफिक आणि धबधबा. पहिल्यात अडकायला कधीच बंदी नसते, दुसऱ्यावर पावसाळ्यात असते, कारण दर वर्षी तिथे कोणी ना कोणी बुडतं. आमची बिल्डिंग या दोहोंच्या मधे, कामणकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, तुंगारेश्वरच्या डोंगराला पाठ लावून उभी आहे. कंपाउंडच्या आत, मागच्या भिंतीलगत पाच फुटांची एक पट्टी सुटलेली आहे. बिल्डरच्या छापील पुस्तिकेत तिचं नाव 'लँडस्केप गार्डन' होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या लँडस्केपमध्ये फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या रिकाम्या गोणी आणि एक कमोड होता.

काका ३१ ऑगस्ट २०१६ रोजी रिटायर झाले आणि सप्टेंबरातल्या पहिल्याच मोकळ्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेले. तिथे त्यांना डोंगराचा उतारच्या उतार जांभळा झालेला दिसला. शेजारी उभ्या असलेल्या कोणीतरी सांगितलं, की ही कारवी. इथे आठ वर्षांतून एकदा फुलते. मागे २००८ साली फुलली होती, आता पुढची २०२४ मध्ये. दुसरा एखादा मोबाइलवर फोटो काढून घरी आला असता. काकांनी खिशातली डायरी काढली आणि हिशेब मांडला. नोकरीला लागलो १९७८ साली. म्हणजे १९८४, १९९२, २०००, २००८. "चार गाड्या चुकल्या," ते मला म्हणाले. "आणि त्याही ड्युटीवर हजर असताना!" त्यांच्या आवाजात जे दुःख होतं ते प्रॉव्हिडंट फंडाबद्दल बोलतानाही मी ऐकलेलं नाही.

जगात वाट पाहणारी माणसं दोन जातींची असतात. एक जात एकटीच, गुपचूप वाट पाहते. दुसरी जात सगळ्या आळीला प्लॅटफॉर्मवर आणून उभी करते. काका दुसऱ्या जातीचे.

बी आणायचं तर डोंगर मागेच होता. पण तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे आणि काका रूळ ओलांडून प्लॅटफॉर्म न बदलणारे गृहस्थ. अभयारण्यातली काडी उचलायची नाही, हा नियम त्यांनी आम्हा सर्वांना पाठ करून घ्यायला लावला, कोणाचाही काडी उचलायचा विचार नसताना. शेवटी नाक्यावर पावसाळ्यात करटोली, शेवळं आणि टाकळा घेऊन बसणाऱ्या मावशी कामाला आल्या. त्यांच्या पाड्यावर घरामागच्या बांधाला कारवी होती. काकांनी बी मागितलं तेव्हा मावशींनी विचारलं, "कारवी कशाला? कुड घालायचाय?"

आपल्याकडे कारवीचा खरा उपयोग हाच. सरळ, चिवट काठ्या कापायच्या, जवळजवळ उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीनं लिंपायचं, झाली भिंत. कोकणातल्या आणि या डोंगरपट्ट्यातल्या कितीतरी पिढ्या कारवीच्या कुडाआड जन्मल्या. काकांनी सांगितलं, कुड नाही, झाडं लावायची आहेत, मधमाश्यांसाठी. मावशींनी टाकळ्याच्या जुडीवर पाणी शिंपडता शिंपडता त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे आमी कापतो, आन् तुमी पाळणार?"

तेव्हापासून 'कारवी पाळणे' हा शब्दप्रयोग चिंचोटीत रूढ झाला.

२०१७ चा पाऊस तोंडावर असताना मावशींनी वाळकी बोंडं दिली. काकांनी कमोड उचलून दिला, टाइल्स वेचल्या, डोंगराची माती आणली (अभयारण्याबाहेरची, पावतीसह). बी रुजलं. पहिल्या उन्हाळ्यात त्यातली बरीच रोपं गेली, एक बकरीनं चाखून सोडलं, आणि अकरा उरली. प्रत्येकाला नंबर. पाचव्या नंबरला ते 'विरार फास्ट' म्हणायचे, कारण ते सगळ्यांच्या पुढे वाढत होतं आणि कोणालाही आत घेत नव्हतं.

पट्टीवर हक्क सांगणारे एकटे काकाच नव्हते. सेक्रेटरींना तिथे लॉन, दोन पाम आणि कारंजं हवं होतं. काकांनी जनरल बॉडीत उभं राहून सांगितलं, की पाम आणि लॉन ही शोभेची परदेशी पाहुणेमंडळी. इथल्या मधमाशीला त्यांच्या दारात चहासुद्धा मिळत नाही. माशीला इथल्या मातीतलं फूल हवं. सातेरी, फुलोरी, आग्या आणि इवलीशी कोती, अशी चार माश्यांची नावं त्यांनी गाडीची स्टेशनं म्हणावीत तशी म्हटली. भाषण चांगलं झालं. पण खिडकीबाहेर भिंतीवर घाणेरी माजलेली होती, आणि काका 'इथल्या मातीतलं' म्हणत असताना तिच्यावर सात-आठ फुलपाखरं बसून मजेत मध पीत होती. घाणेरी अमेरिका खंडातून आलेली आहे, हे ठाऊक असलेल्या एका कॉलेजकुमारानं बोट दाखवलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विदाउट तिकीट आहे ती. गर्दी आहे म्हणून कायदेशीर होत नाही."

ठराव एका मतानं पास झाला. ते मत माझं होतं. मला कारवीचं काही नव्हतं, मला कारंज्याचा मेंटेनन्स नको होता.

काकूंबद्दल इथेच सांगायला हवं. काका परागीभवन म्हणतात त्याला काकू 'किडे' म्हणतात. गॅलरीतल्या कुंडीत काकूंचा कढीलिंब होता, लेकीसारखा वाढवलेला. एके दिवशी काकांना त्यावर पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी एक अळी दिसली. ती पुढे हिरवी होते आणि तिचं काळं फुलपाखरू होतं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेलं. आपण २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं त्या राणी पाकोळीचं ते भावंड. एवढं कळल्यावर काकांनी कुंडीला सुतळी बांधून त्यावर पाटी लावली: 'पान तोडू नये.' स्वयंपाकघराला हात न लावणाऱ्या माणसानं फोडणीवर घातलेली ही बंदी काकूंनी कशी सोसली ते त्यांनाच ठाऊक. त्या खाली उतरून नाक्यावरून पाच रुपयांचा कढीपत्ता आणायच्या, आणि जाता-येता कुंडीकडे बघायच्या. सवतीकडे बघावं तसं.

कारवीची खरी अडचण फूल येत नाही ही नव्हती. खरी अडचण ती उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसते ही होती. पावसाळ्यात वीतभर खरखरीत पानं, आणि मार्चपर्यंत सगळी झडून नुसत्या काटक्या. वॉचमननं पहिल्या वर्षी प्रामाणिकपणे त्या काटक्यांत जळण पाहिलं. दुसऱ्या वर्षी होळी आली. होळीच्या आधी आठ दिवस पोरं लाकडं जमवत फिरतात, आणि त्यात कोणाची खाट गेली तरी ओरडायचं नसतं. त्यातल्याच एका रात्री मी पाणी आलं का बघायला मागच्या बाजूला उतरलो, तर पट्टीच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काका बसलेले. डोक्याला मफलर, गळ्यात शिटी, मांडीवर गुंडाळलेली लाल झेंडी आणि पायाशी टॉर्च. बारा वाजून दहा मिनिटांनी भिंतीपलीकडे कुजबुज झाली. काका उठले, टॉर्चच्या उजेडात झेंडी उलगडून आडवी धरली आणि शिटी मारली. पोरं इतकी दचकली, की जाताना स्वतः जमवलेली दोन फळकुटं टाकून गेली. काकांनी डायरीत लिहिलं: '००:१०. डेंजर सिग्नल दिला. ट्रॅक क्लिअर.' फळकुटं त्यांनी सकाळी होळीवर नेऊन दिली, नियमानं.

पावसाळ्यातल्या रविवारी त्यांना आयतं गिऱ्हाईक मिळायचं. नायगावहून रिक्षा भरभरून पोरं धबधब्याला यायची, बंदी असल्यामुळे पोलीस त्यांना परत पाठवायचे, आणि ओले, हिरमुसलेले, हातात स्पीकर धरलेले घोळके आमच्या गेटसमोरून उलटे जायचे. काका गेटवर उभे. "धबधब्याला बंदी आहे. कारवीला नाही. या." बिचारी पोरं काहीतरी बघायला मिळेल म्हणून आत यायची. समोर अकरा हिरवी झुडपं. त्यांना एकही फूल नाही. त्यासमोर वीस मिनिटं उभं राहून ती ऐकायची, की एका डच वनस्पतिशास्त्रज्ञानं आपल्या 'कारवी'वरून 'कार्विया' असं लॅटिन नाव पाडलं. की कारवीचा मध दाट आणि काळपट. की महाबळेश्वराजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय. "फुलणार कधी?" असं एखादा विचारायचा. "दोन हजार चोवीस." "आत्ता?" "आत्ता बावीस." त्यातला एक जण जाता जाता म्हणाला, "ह्यापेक्षा पोलीस परवडले." काकांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

मधे २०१८ साली सेक्रेटरी सहकुटुंब मुन्नारला जाऊन नीलकुरिंजी बघून आले. कुरिंजी म्हणजे कारवीची दक्षिणेतली बहीण, ती बारा वर्षांनी फुलते. सेक्रेटरींनी ग्रुपवर चाळीस फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'ह्याला म्हणतात फूल.' काकांना ते लागलं. दोन दिवस त्यांनी बेल वाजवली नाही. तिसऱ्या दिवशी वाजवली. "बारा वर्षं लागतात तिला," ते म्हणाले. "स्लो गाडी. आपली फास्ट आहे."

पण खरी परीक्षा २०२३ मध्ये झाली. सगळीकडे पुस्तकात, पेपरात, गप्पांत कारवी 'सात वर्षांनी' फुलते असंच ऐकलेलं. २०१६ अधिक सात बरोबर तेवीस, हे पहिलीतल्या पोरालाही जमतं. त्या ऑगस्टात अख्खी सोसायटी पट्टीत डोकावून जात होती. दूधवाला, पेपरवाला, लिफ्टचा माणूस, सगळ्यांचा एकच प्रश्न, "फुलली का हो काका?" गणपती आले, गेले. पानांशिवाय काही नाही. सेक्रेटरी हसून म्हणाले, "लेट चालू आहे वाटतं गाडी." अडतीस वर्षांत काका दुसरं काहीही ऐकून घेत आले असतील, हे नाही. त्यांनी नोटीसबोर्डवर डायरीतलं पान काढून लावलं. हिशेब असा: डोंगर फुलला २०१६ च्या पावसाळ्यात. बी वाळल्या बोंडातच अडकून राहतं, ते पुढच्या पावसाशिवाय सुटत नाही. म्हणजे रोप जन्मलं २०१७ च्या जूनमध्ये. त्याची सात वर्षं भरतात २०२४ च्या जूनमध्ये, आणि फुलोरा ऑगस्टनंतर. रोपाचं वय मोजा, सात. फुलोऱ्यापासून फुलोरा मोजा, आठ. दोन्ही म्हणणारे बरोबर. खाली लाल शाईत: 'गाडी लेट नाही. प्रवाशांनी टाइमटेबल नीट वाचावे.'

मी हे पुढे अनेक जाणकारांना ऐकवलं आणि त्यांनी मला जाणकार समजलं. श्रेय काकांचं.

२०२४ च्या जुलैत शेंड्यांना कळ्यांचे तुरे धरले. केसाळ, चिकट, हाताला लागले की वास जाता जात नाही असे. काकांनी खाणंपिणं कमी केलं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका पहाटे दोन बेल वाजल्या, मग लगेच आणखी दोन. पाच चाळीस. बाहेर रिपरिप. मी छत्री घेऊन खाली गेलो तेव्हा काका आणि काकू एकाच छत्रीत उभे होते, हे दृश्यही मी आठ वर्षांत पहिल्यांदाच पाहत होतो. विरार फास्टच्या टोकाला एक फूल उमललं होतं. एकच. अंगठ्याच्या पेराएवढं मोठं, निळसर जांभळं, घंटेसारखं. आम्ही तिघं त्या एका फुलाकडे पाऊण तास बघत होतो. उजाडल्यावर एक सातेरी माशी आली, घंटेच्या तोंडाशी जरा घुटमळली, आत शिरली आणि पाठीवर पिठासारखा पराग घेऊन बाहेर आली. काकांनी शिटी तोंडाला लावली, पण वाजवली नाही.

मग काकूंनी हात पुढे केला, ते फूल खुडलं आणि परडीत टाकलं.

काकांच्या तोंडून शब्द फुटेना. काकू म्हणाल्या, "सात वर्षं विकतच्या कढीपत्त्याची फोडणी दिली. पहिलं फूल माझ्या देवाचं." आणि त्या वर निघून गेल्या. डायरीत त्या दिवशी फक्त वेळ आहे, बाकी रकाना कोरा.

पुढच्या आठ दिवसांत अकराच्या अकरा झुडपं पेटल्यासारखी फुलली. माश्या आल्या, भुंगे आले, सेक्रेटरी आले आणि त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकले, 'आमच्या सोसायटीतील कारवी.' 'आमच्या' हा शब्द काकांनी मला दोनदा वाचून दाखवला. आणि पावसाचा जोर ओसरल्यावर आग्या आल्या. पाण्याच्या टाकीच्या स्लॅबखाली चांगलं परातीएवढं पोळं धरलं. अकरा झुडपांवर आग्याचं पोट भरत नाही, ती लांब लांब हिंडते आणि मागे अख्खा डोंगर पडलाय, हे मी दबक्या आवाजात म्हणून पाहिलं. काकांनी ऐकलं नाही. आग्या आपल्याकडेच आल्या यावर त्यांचं आणि सेक्रेटरींचं पहिल्यांदाच एकमत होतं. फरक एवढाच की सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर लावला होता. तातडीच्या मीटिंगमध्ये काका म्हणाले, "आठ वर्षं पाहुण्यांची वाट बघायची आणि आल्यावर फवारा मारायचा?" आग्या फिरती माशी आहे, फुलोरा संपला की आपणहून जाते, तोवर टाकीकडे कोणी जाऊ नये, धूर करू नये, दिवाळीत त्या बाजूला रॉकेट लावू नयेत. कोणी गेलं तर? काकांनी खुर्ची टाकली, झेंडी काढली. दिवाळीनंतर काही दिवसांनी एका सकाळी स्लॅबखाली नुसतं मेण लोंबत होतं. काका 'बघा, सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. प्रत्येक दारावर दोन बेल देऊन माश्या गेल्याची वेळ तेवढी सांगून आले.

एकदा फुलली की कारवी मरते. वाळली बोंडं डोक्यावर घेऊन काटक्या तशाच उभ्या राहतात, पुढच्या पावसापर्यंत. रंगाचं काम निघालं म्हणून सेक्रेटरींनी त्या काढायचं ठरवलं, तर पट्टीत पाटी लागलेली: 'ही झुडपे मेलेली आहेत. कृपया तोडू नयेत.' रंगारी ती वाचून शिडीसकट परत फिरला.

आणि इथे काकांचा घात झाला. नातवाची मुंज पुण्याला, मे महिन्याच्या सुरुवातीला. पाऊस यायला महिना आहे, असा हिशेब करून ते निर्धास्त गेले. २०२५ च्या पावसानं मात्र टाइमटेबलच फाडून टाकलं. मान्सून मुंबईत २६ मेलाच दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. पण त्याच्याही आधी, मेच्या पहिल्या आठवड्यात, एका संध्याकाळी वारा सुटला आणि वळीव कोसळला. लाइट गेले. रात्री पाऊस थांबल्यावर मागच्या बाजूनं आवाज यायला लागला. तट्. तट् तट्. तव्यावर मोहरी तडतडावी तसा. मी बॅटरी घेऊन गेलो. भिजलेली बोंडं फुटत होती, बी उडून भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, चपलेवर. मी काकांना फोन लावला आणि काही न बोलता मोबाइल एका तुऱ्याजवळ धरला. पाच-सहा वेळा तट् झालं. पलीकडे मुंजीच्या घरातली भांडी वाजत होती, ती थांबली. बराच वेळ काही नाही. मग काकांचा आवाज आला:

"किती वाजले?"

"अकरा सतरा," मी सांगितलं.

आता पट्टीत बोटभर उंचीची पुष्कळ रोपं आहेत. मोजून नंबर देणं चालू आहे. काकांच्या मते पुढचा फुलोरा २०३३ चा, नवव्या महिन्याच्या आसपास. मी २०३२ म्हणालो तेव्हा काकांनी नोटीसबोर्डवरचं जुनं पान पुन्हा वाचायला लावलं, आणि वाचूनही माझाच आकडा बरोबर निघाला. बी २०२५ चं, सात वर्षं धरली तर बत्तीसच. काकांच्या हिशेबात चूक सापडण्याची ही पहिली वेळ. त्यांनी डायरीत दुरुस्ती केली आणि शेजारी माझी सही घेतली.

तर ज्यांना बघायची असेल त्यांनी २०३२ च्या गणपतीत चिंचोटी नाक्यावरून आत यावं, कोणीही रस्ता सांगेल. येताना घड्याळ लावून यावं. आणि तोवर इकडून जाणंयेणं झालंच, तर कृपा करून काकांना 'फुलली का हो?' असं विचारू नये.